बिनसाथीचं इंग्रजी लोकगीत: हॅरी कॉक्स, वॉल्टर पार्डन आणि मंडळी अजून का ऐकावीशी वाटतात?

अनुस्वार

इंग्रजी लोकगीत म्हटलं की गिटार छातीशी धरलेला एखादा गायक डोळ्यांसमोर येतो. त्याने ही गाणी ज्यांच्याकडून उचलली, ती माणसं मात्र आपल्याकडे फारशी कुणी ऐकलेली नसतात. हा धागा त्यांच्यासाठी.

सुरुवातीला चार नावं. हॅरी कॉक्स (१८८५–१९७१), नॉरफोकमधल्या कॅटफील्डचा शेतमजूर. सॅम लार्नर (१८७८–१९६५), त्याच परगण्यातल्या विंटरटनचा कोळी, हेरिंग मासळीच्या बोटींवर आयुष्य गेलेला. वॉल्टर पार्डन (१९१४–१९९६), नॅप्टन गावचा सुतार. आणि ससेक्समधल्या रॉटिंगडीनचं कॉपर कुटुंब, ज्यांच्या घरात हीच गाणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. कॉपर मंडळी दोन आवाजांत गातात, बाकीचे तिघे एकेकटे. गाताना वाद्य नाही, ठेका नाही.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याची गाडी दुसऱ्या कडव्यापाशी अडते. चार ओळींची चाल, ती दहा-पंधरा वेळा तशीच येते, आवाजात चढउतार नाही. म्हणून ऐकण्याची एक रीत सुचवतो. एकच गाणं घ्या, चार-पाच मिनिटांचं. पहिल्या वेळी शब्द समोर ठेवून फक्त गोष्ट ऐका. दुसऱ्या वेळी शब्द बाजूला ठेवा आणि प्रत्येक कडव्याच्या फक्त तिसऱ्या ओळीवर कान ठेवा, कारण चालीतला सगळ्यात उंच स्वर पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत असतो आणि गायक फेरफार करतो तो तिथेच. तिसऱ्या वेळी श्वास कुठे घेतलाय ते पाहा. एवढं झालं की ‘चाल तीच आहे’ हे वाक्य तोंडून निघत नाही.

माझं म्हणणं असं की या गायकांची ओढ टिकली ती त्यांच्या अंगभूत संयमामुळे. गाणं पुढे, गाणारा मागे. आत्महत्या असो, खून असो की चावट प्रसंग, कॉक्सचा आवाज तसाच राहतो आणि निवाडा ऐकणाऱ्यावर सोपवला जातो. जाणकारांनी भर घालावी.

खडूस_काका

संयम वगैरे ठीक. पण गाता येत नाही म्हणून सपाट गायलं आणि अभ्यासकांनी त्याला संयम नाव दिलं, असं का म्हणू नये? कॉक्सच्या ध्वनिमुद्रणांत मला तरी नाकातून येणारा कोरडा आवाजच ऐकू येतो. आणि ‘सगळे निर्विकार गातात’ हेही खरं नाही. लार्नर ऐका. तो हसतो, मध्येच शब्द ठासून बोलतो, श्रोत्यांना कोपरखळी मारतो. दोघांच्या गावांत अंतर किती, तर थोडेसे मैल.

अनुस्वार

काका, लार्नरबद्दल मान्य, माझं वाक्य सैल होतं. फीबी स्मिथचंही (१९१३–२००१) नाव घ्यायला हवं. केंटमध्ये जन्मलेली, नंतर सफोकला राहिलेली जिप्सी गायिका. ती तर प्रत्येक ओळ ओढून, भरदार छातीच्या आवाजात, स्वरांना वळसे देत गाते. तिच्या गाण्याची लय कॉक्सच्या निम्मी असेल.

पण ‘गाता येत नाही’ हे पटत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. या गाण्यांच्या ओळींत अक्षरसंख्या सारखी नसते. एका कडव्यात आठ अक्षरं, पुढच्यात अकरा. चाल तर आठांसाठी बसलेली. जादाची तीन अक्षरं कुठे कोंबायची? नवखा गायक ती आघाताच्या अक्षरावर चेपतो, मग शब्द कळत नाही आणि लयही धावते. कॉक्स ती आघाताच्या आधी टाकतो, म्हणजे ओळ थोडी लवकर सुरू होते आणि मुख्य शब्द बरोबर जागेवर पडतो. अक्षरं कमी पडली तर तो एखादा स्वर लांबवत नाही, शेजारच्या स्वराला स्पर्श करून परत येतो. पंधरा कडव्यांत पंधरा वेगळ्या तडजोडी, आणि ऐकणाऱ्याला एकही जाणवत नाही. नाकातला आवाज हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचवायला तो उपयोगी पडतो एवढंच म्हणेन.

शिवाय कॉक्सला ‘शोधून’ मोठं केलं तेही उगाच नाही. संगीतकार अर्नेस्ट मोएरनने त्याला १९२० च्या दशकातच ऐकलं होतं, १९३४ मध्ये त्याच्या दोन गाण्यांची तबकडी निघाली, आणि १९५३ मध्ये पीटर केनेडी आणि अॅलन लोमॅक्स या लोकगीत-संग्राहकांनी त्याला मुद्रित केलं. दहा-वीस वर्षांच्या अंतराने वेगवेगळ्या कानांना तोच माणूस महत्त्वाचा वाटला.

पेटीवाला

स्वरांच्या बाजूने थोडं. या चालींतला मोठा भाग साध्या मेजरमध्ये, म्हणजे आपल्या बिलावल थाटात बसतो. लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पने १९०७ च्या त्याच्या पुस्तकात हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास सांगितलंय. उरलेल्या चाली मिक्सोलिडियन, डोरियन आणि एओलियन. आपल्या हिशेबात खमाज, काफी आणि आसावरी. बिलावलच्या सप्तकात पंचमाला सा मानलं तर खमाज मिळतो, रिषभाला मानलं तर काफी, धैवताला मानलं तर आसावरी. मूर्च्छनांचा हा साधा खेळ ज्यांना माहीत आहे, त्यांना वॉल्टर पार्डनची पुढची गोष्ट आवडेल.

पार्डनकडे गाणी आली मामा बिली गीकडून, मामाकडे त्याच्या वडिलांकडून. मामा १९४२ मध्ये गेला. पुढे गावात ही गाणी गाणारं कुणी उरलं नाही. पार्डनने शब्द वहीत उतरवले आणि चाली विसरू नयेत म्हणून घरी एकटा मेलोडियनवर वाजवत राहिला. मेलोडियन म्हणजे दहा बटणांचा छोटा, भात्याचा बाजा. आपल्या पेटीत भाता कसाही हलला तरी पट्टी तोच स्वर देते. मेलोडियनमध्ये भाता दाबला की एक स्वर आणि ओढला की दुसरा. दाबताना सा, ग, प मिळतात. ओढताना रे, म, ध, नि.

पार्डनने मुलाखतीत सांगितलेलं निरीक्षण असं: अलीकडची गाणी संपतात तेव्हा भाता मिटलेला असतो, जुनी गाणी संपतात तेव्हा तो ओढलेला असतो. त्याला डोरियन-एओलियन ही नावं कुणी शिकवली नव्हती. पण चाल रिषभावर किंवा धैवतावर विसावत असेल, तर शेवटचा स्वर भाता ओढूनच निघणार. हातांनी त्याला थाट ओळखून दिला.

मात्र हा नियम डोळे झाकून लावू नका. मिक्सोलिडियन चाल पंचमावर संपते आणि पंचम दाबूनच मिळतो, त्यामुळे ती कितीही जुनी असली तरी भाता मिटतो. आणि बिलावलातल्या पुष्कळ चालीही जुन्याच आहेत. ‘ओढलेला म्हणजे बहुधा जुनं’ हे खरं, ‘मिटलेला म्हणजे नवं’ हे खरं नाही.

मधलीसुट्टी

पेटीवाला, कमाल प्रतिसाद. वाखुसा (वाचनखूण साठवली).

निळावंती

थाटांची चर्चा निघालीच आहे तर संगीतकार पर्सी ग्रेंजरचं म्हणणं इथे यायलाच हवं, कारण तो वरच्या मांडणीला सुरुंग लावतो.

१९०५ मध्ये लिंकनशायरमधल्या ब्रिग गावच्या संगीत स्पर्धेत जोसेफ टेलर (१८३३–१९१०) हा जमीनदारीवरचा कारभारी गायला. ग्रेंजरने पुढच्या वर्षी फोनोग्राफ नेऊन त्याला आणि आसपासच्या गायकांना मेणाच्या नळ्यांवर मुद्रित केलं. १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने पंचाहत्तरीच्या टेलरला लंडनला बोलावून त्याच्या तबकड्या काढल्या. पारंपरिक इंग्रजी गायकाच्या आवाजात विकायला आलेल्या या पहिल्या तबकड्या.

नळी पुन्हा पुन्हा, सावकाश फिरवून ऐकता येते. त्यामुळे ग्रेंजरने एकच कडवं न लिहिता प्रत्येक कडवं वेगळं लिहिलं, आणि त्याला दिसलं की गायक एका थाटात गातच नाहीत. गंधार आणि निषाद सतत हलतात. एका कडव्यात कोमलकडे झुकलेले, दुसऱ्यात शुद्धाकडे, कधी मधेच कुठेतरी. त्याने १९०८ मध्ये लोकगीत सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं की डोरियन, मिक्सोलिडियन असे कप्पे पाडण्यापेक्षा हा एकच सैलसर स्वरसमूह मानावा. लयीचंही तसंच. पाच मात्रा, मग चार, मग सात. कागदावर ते भयंकर दिसतं, टेलरच्या तोंडी सरळ बोलण्यासारखं वाहतं.

शार्पला हे यंत्र फारसं रुचलं नाही. यंत्रापुढे माणूस अवघडतो, आणि यंत्र गाण्याचा गाभा सोडून त्या क्षणाचे अपघात टिपतं, अशी त्याची तक्रार. दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, पण टेलर आज आपल्याला ऐकू येतो तो ग्रेंजरमुळे. शार्पच्या गायकांपैकी बहुतेकांचे आवाज गेलेच.

या जुन्या नळ्या ऐकताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नळीवर साधारण दोन मिनिटं मावतात, त्यामुळे लांब गाणं अर्ध्यावर तुटलं म्हणजे गायक विसरला असं नाही. दोन, मुद्रण करताना आणि आता वाजवताना फिरण्याचा वेग वेगळा पडला तर पट्टी आणि लय दोन्ही एकदम बदलतात. आवाज चिरका आणि गाणं घाईत वाटलं तर गायकाला दोष देण्याआधी वेगावर संशय घ्या. तीन, खरखर काढण्यासाठी वरच्या कंपनसंख्या फार छाटलेली आवृत्ती घेऊ नका. व्यंजनं तिथेच असतात, ती गेली की शब्द जातात. मूळ खरखर असलेली आवृत्ती दहा मिनिटांत कानाला सवयीची होते.

खडूस_काका

हा मुद्दा पटला. हलता गंधार मलाही ऐकू येतो, फक्त मी त्याला बेसूर म्हणत होतो.

सहा_तारा

या हलत्या गंधारामुळेच गिटारची साथ इथे घात करते. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, धरली की गंधार ठरला. मेजर धरा की मायनर, गायकाला तिकडे जावंच लागतं. दुसरा घात लयीचा. तीन किंवा चार मात्रांचा झंकार सुरू झाला की वर निळावंतींनी सांगितलेल्या पाच-सात मात्रांच्या ओळी कापून सरळ कराव्या लागतात.

गायक-गिटारवादक मार्टिन कार्थीने (जन्म १९४१) यावर शोधलेला उपाय वाखाणण्यासारखा आहे. त्याची गिटार जाड तारेकडून बारीककडे अशी लावलेली असते: सी, जी, सी, डी, जी, ए. आपल्या भाषेत सा प सा रे प ध. यात गंधार नाही! खालचे सा-प तंबोऱ्यासारखे वाजत राहतात, वरच्या तारांवर चाल जशीच्या तशी गायकाबरोबर चालते आणि कॉर्ड अशी भरली जातच नाही. अंगठ्याचा ठोका शब्दाच्या आघातामागे जातो, मात्रा मोजत नाही.

करून बघायचं असेल तर: नेहमीच्या जुळणीतून सगळ्याच तारा उतरवायच्या आहेत. सहावी चार अर्धस्वर खाली, पाचवी आणि चौथी दोन-दोन, तिसरी पाच, दुसरी चार, पहिली तब्बल सात. नेहमीच्या पातळ तारांवर हे केलंत तर पहिली आणि तिसरी लोंबकळतील, परद्यांवर खडखडतील आणि दाबलं की चढे बोलतील. जाड तारांचा संच लावा, पहिलीला तर नेहमीपेक्षा बरीच जाड. तारा बदलल्यावर मान आणि खोबणी तपासून घ्या. जाड तार नटच्या खाचेत नीट बसली नाही तर फिरवताना अडकते आणि टणकन एकदम चढते.

अवांतर: ‘स्कारबरो फेअर’ जगाला माहीत झालं ते सायमन-गारफंकेलच्या १९६६ च्या ध्वनिमुद्रणामुळे, आणि पॉल सायमनने ते लंडनमध्ये कार्थीकडून ऐकलं होतं. कार्थीकडे जी आवृत्ती आली ती गायक इवान मॅकोलने १९४७ मध्ये मिडलटन-इन-टीसडेलच्या मार्क अँडरसन नावाच्या शिशाच्या खाणीतल्या निवृत्त कामगाराकडून घेतलेली. श्रेयावरून बरीच वर्षं कटुता राहिली, २००० मध्ये सायमन आणि कार्थी लंडनच्या मंचावर ते एकत्र गायले. खाणकामगाराचं नाव मात्र आजही शंभरातल्या एकाला ठाऊक नसेल.

कोरा_कागद

अशी नावं शोधायची तर राउड क्रमांक शिका. स्टीव्ह राउड हा ग्रंथपाल. त्याने गाण्यांची कार्डं करायला सुरुवात केली, ती वाढत वाढत पंचवीस हजारांच्या आसपास गाण्यांची सूची झाली. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधल्या वॉन विल्यम्स स्मृती ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट बघता येते. १ क्रमांक जिप्सींबरोबर पळून जाणाऱ्या उमरावाच्या बायकोचा, १२ स्कारबरो फेअरचा, ५४ बार्बरा अॅलनचा.

वापर असा. गाण्याचं नाव टाकू नका, पहिली ओळ टाका. नावं दर गावाला बदलतात. क्रमांक मिळाला की आता फक्त क्रमांक टाकून शोधा, मग परगणा आणि गायकाच्या नावाने चाळणी लावा. बऱ्याच नोंदींना संग्राहकांच्या मूळ हस्तलिखिताची छायाचित्रं जोडलेली आहेत. छापील पुस्तकातलं गाणं आणि हस्तलिखित शेजारी ठेवा, फरक दिसेल. शार्पने छापताना शृंगारिक कडवी सोवळी केली, पण वहीत मात्र गायकाने म्हटलं तेच लिहून ठेवलं. त्याच्यावर टीका करताना ही वही विसरू नये.

सगळ्यात जास्त गफलत होते ती इथे: राउड क्रमांक शब्दांना, म्हणजे कथेला असतो. चालीला नसतो. एका क्रमांकाखाली दहा वेगळ्या चाली असू शकतात आणि एकच चाल पाच क्रमांकांखाली सापडते. फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकाने जमवलेल्या ३०५ बॅलडांचा क्रमांक वेगळा, तो फक्त जुन्या कथागीतांना. त्यामुळे ‘याला चाइल्ड क्रमांक नाही म्हणजे ते अस्सल नाही’ हा तर्क चुकीचा.

आणि ‘अस्सल मौखिक परंपरा’ हाही शब्द जपून वापरा. लंडनच्या सेव्हन डायल्स भागात कॅटनॅक आणि पिट्ससारखे मुद्रक एकाच बाजूने छापलेले गाण्यांचे कागद पेनी-अर्ध्या पेनीला विकत. खेड्यांतल्या गायकांकडच्या शब्दांचा मोठा हिस्सा कधी ना कधी अशा कागदावर छापला गेला होता. पार्डनच्या आजोबांकडेही गाणी आली ती अशा कागदांवरून, असं त्याच्या घरी सांगत. कागदावर चाल नसे. ती गायक स्वतः बसवी. म्हणजे शब्द छापखान्याचे, चाल गावाची, आणि नको ती कडवी गाळून गोष्ट घट्ट करणं पिढ्यांचं. छापील कागदावर सोळा कडवी, गायकाकडे नऊ, आणि नऊवालं जवळजवळ नेहमीच सरस!

आपल्याकडचा एक धागा इथे जुळतो. चाइल्डचे खंड १८८२ ते १८९८ मध्ये निघत होते, त्याच काळात मुंबईत हॅरी आर्बथनॉट अॅकवर्थ हा सनदी अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. १८९४ मध्ये अॅकवर्थने त्यांतले निवडक इंग्रजी पद्यात नेले, तेही ‘मराठ्यांची बॅलड’ म्हणून. इंग्लंडात लोकगीत सोसायटी निघायला अजून चार वर्षं होती.

खडूस_काका

कागदांचा मुद्दा आवडला. आता त्याच न्यायाने ‘आदिम विधी’वालेही येऊ द्यात. वॉटरसन्स या हल शहरातल्या गायक मंडळींची १९६५ ची ‘फ्रॉस्ट अँड फायर’ तबकडी अप्रतिम. पण तिच्यावरच्या टिपणांत लोकगीत-अभ्यासक ए. एल. लॉइडने या ऋतुगीतांना ख्रिस्तपूर्व विधींचे अवशेष ठरवलंय. ‘जॉन बार्लीकॉर्न’ म्हणजे बळी जाणारा धान्यदेव, वगैरे. पुरावा? सतराव्या शतकातले छापील कागद, आणि त्याच्या मागे काही नाही. लॉइड स्वतः काही गाण्यांवर हात फिरवून ती परंपरेतली म्हणून पुढे देत असे, हेही आता अभ्यासक मान्य करतात.

निळावंती

लॉइडबद्दल सहमत. पण वॉटरसन्स जुने वाटतात ते टिपणांमुळे नाही, स्वररचनेमुळे. चर्चमध्ये शिकवतात तसे तीन-चार नेमलेले भाग ते गात नाहीत. प्रत्येक जण आपली ओळ शोधतो, दोन आवाज समांतर पंचमात चालतात, ओळीच्या शेवटी सगळे एका स्वरावर येऊन थांबतात. कॉर्डमधला गोडवा आणणारा गंधार पुष्कळदा गैरहजर असतो. सहा_तारांनी कार्थीच्या जुळणीबद्दल लिहिलंय तोच न्याय.

कॉपरांचं याच्या उलट. त्यांच्यात गोडवा भरपूर, बिलावलच सगळा. एक वरचा आवाज, एक खालचा. १८९८ मध्ये केट ली नावाच्या बाई रॉटिंगडीनला आल्या. जेम्स कॉपर शेतावरचा मुकादम, भाऊ थॉमस गावातल्या ‘ब्लॅक हॉर्स’चा मालक. दिवाणखान्यात व्हिस्कीची बाटली ठेवून या दोघांना गायला बसवलं, आणि ती गाणी नव्या सोसायटीच्या पहिल्याच अंकात आली. पुढे जेम्सचा मुलगा जिम, त्याने १९३६ मध्ये गाण्यांचे शब्द वहीत लिहून काढले. मग बॉब (१९१५–२००४) आणि चुलतभाऊ रॉन. आता त्यांची मुलं-नातवंडं गातात.

त्यांच्या दोन आवाजांचा सराव करणाऱ्यांसाठी: खालचा आवाज म्हणजे चालीच्या खाली तिसऱ्या स्वरावर धरलेली सावली, अशी समजूत करून बसलात तर चौथ्या ओळीपर्यंत फसाल. तो कधी तिसऱ्यावर असतो, कधी मूळ स्वरावर ठाम उभा राहतो, कधी वरच्यात मिसळून जातो. आधी दोघांनी खालचा आवाज एकत्र पाठ करा. तो स्वतंत्र चाल म्हणून गाता आला की मगच वरचा जोडा. आणि एकमेकांची तोंडं बघत गा. श्वास एकत्र घेतला नाही तर ओळीच्या शेवटची जुळणी फाटते.

एक गोष्ट सगळ्यांच्या प्रतिसादांतून सुटतेय: बायका. पबमधल्या मैफली पुरुषांच्या, त्यामुळे नावं पुरुषांची. सफोकमधल्या ईल्स फूट पबचं बीबीसीने १९३९ मध्ये मुद्रण केलं, त्यात अध्यक्ष टेबलावर ठोकून शांतता करतो आणि एकेकाला पुकारतो, अशी पद्धतशीर सभा. बायका गात ते घरात, शिवणटिपण करताना, मुलांपुढे. शार्पच्या सॉमरसेटच्या वह्यांत लुईझा हूपर आणि लूसी व्हाइट या बहिणींची गाणी शंभरावर आहेत. नंतरच्या पिढीत शर्ली कॉलिन्स (जन्म १९३५) हिने हा घरगुती, न सजवलेला सूर जाणीवपूर्वक धरला. मधे आवाजाच्या विकारामुळे ती कित्येक वर्षं गाऊ शकली नाही, आणि २०१६ मध्ये ऐंशी ओलांडल्यावर नवी तबकडी घेऊन आली. आवाज खालचा, खरखरीत, पल्ला आखूड. गाणी तरीही उभी राहतात, कारण ती मुळात आवाजाच्या करामतीवर बांधलेलीच नाहीत.

मधलीसुट्टी

शास्त्रीय शिकणाऱ्याने असं एखादं गाणं बसवायचं तर काय पथ्यं?

अनुस्वार

पट्टीपासून. सुरुवातीचा स्वर सोयीचा आहे म्हणून पट्टी ठरवू नका. आधी चालीतला सगळ्यात उंच स्वर असलेली ओळ गाऊन बघा, ती न ताणता जमली की त्यावरून मागे या. चाली साधारण दोन घाटांच्या. काही सा ते वरचा सा अशा, काही खालचा प ते वरचा प अशा. दुसऱ्या घाटात तुमची नेहमीची पट्टी चालून जाईल, पहिल्यात तीन-चार स्वर खाली उतरा.

मग शब्द. चाल न लावता गोष्ट मोठ्याने वाचा, साध्या बोलण्याच्या वेगाने. तोच वेग गाताना ठेवा. करुण कडवं आलं की लय सैल करायची, हा मोह शास्त्रीयवाल्यांना हमखास होतो. इथे तो गाण्याला मारतो. आकार लांबवणं, कंप देणं, मींड घेऊन स्वरावर येणं, तिन्ही टाळा. आघाताच्या आधी एखादा ओझरता स्वर चालतो, तोही ओळीत एक, फार तर दोन. श्वास ओळीच्या शेवटी. मधे लागलाच तर क्रियापदाआधी घ्या, विशेषण आणि नाम तोडू नका.

बिनसाथीच्या गाण्यात पट्टी सरकते. बारा कडव्यांत अर्धा स्वर वर गेली तर आवाज ढकलला जातोय. खाली गेली तर ओळीच्या शेवटच्या खालच्या स्वरांवर श्वास संपतोय. तपासायला शेवटचं कडवं झाल्यावर तंबोऱ्याचं अॅप लावून बघा, गाताना लावू नका. लावलंत की कान गंधार जागेवर बसवतो आणि निळावंतींनी सांगितलेला सगळा हलतेपणा पुसला जातो.

पाठांतरात गोंधळ मधल्या कडव्यांत होतो, कारण दुधासारखा पांढरा घोडा आणि लिलीसारखा गोरा हात प्रत्येक गाण्यात आहेत. ओळी पाठ करण्यापेक्षा प्रसंग पाठ करा: दार, जिना, शेज, पत्र. प्रसंग डोक्यात असला की एखादं कडवं सुटलं तरी गोष्ट सांधता येते. आणि कृपा करून नॉरफोकचे उच्चार काढू नका. कॉक्स त्याच्या बोलीत गात होता, तुम्ही तुमच्या इंग्रजीत गा.

सहा_तारा

उच्चारांबद्दल +१. गायक पीटर बेलामीने (१९४४–१९९१) नॉरफोकच्या गायकांकडून खूप घेतलं, पार्डनची पहिली ध्वनिफीत पोचली तीही त्याच्याकडेच. पण त्याची गाण्याची धाटणी इतकी स्वतःची की एका ओळीत ओळखू यावी.

मधलीसुट्टी

आणि प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर? की हे सगळं आता ध्वनिमुद्रणांतच उरलंय?

कोरा_कागद

शेफील्डच्या पश्चिमेकडची गावं गाठा. डंगवर्थ, स्टॅनिंग्टन, वॉरल. नोव्हेंबरात युद्धविराम दिनानंतरच्या रविवारपासून नाताळापर्यंत तिथल्या पबमध्ये स्थानिक कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गातात, तीही अख्खा पब मिळून, पुष्कळ ठिकाणी ऑर्गन किंवा पियानोच्या साथीने. एकोणिसाव्या शतकात चर्चमधल्या जुन्या गायक-वादकांच्या गॅलऱ्या मोडून ऑर्गन आणि नेमस्त भजनं आली, तेव्हा ही ठसकेबाज चालींची कॅरल पबमध्ये टिकली असं मानतात. मेंढपाळांचं एकच गीत तिथे अनेक चालींवर ऐकायला मिळतं. त्यातली ‘क्रॅनब्रूक’ ही चाल कँटरबरीच्या टॉमस क्लार्क नावाच्या चांभाराने १८०५ मध्ये छापलेली, जी पुढे यॉर्कशायरच्या ‘इल्क्ला मूर’ या गाण्याला लागली.

रविवारी दुपारच्या बैठकीला जायचं तर अकराच्या आधी पोचा, बसायला जागा मिळत नाही. मोबाइल उंच धरून चित्रण करू नका. पुस्तिका मिळाली तर घ्या, पण बाजूचा माणूस खालचा भाग गात असेल तर तोच पकडा.

खडूस_काका

ध्वनिमुद्रणांत सुरुवात कुठून?

अनुस्वार

टॉपिक या ध्वनिमुद्रण कंपनीची १९९८ ची ‘व्हॉइस ऑफ द पीपल’ मालिका, वीस सीडी, रेज हॉलने विषयवार लावलेल्या. सगळी एकदम घेऊ नका, समुद्राच्या गाण्यांची एक घ्या. कॉक्ससाठी त्याच कंपनीचा ‘बॉनी लेबरिंग बॉय’ हा दोन सीडींचा संच. तुम्हाला, काका, आधी लार्नर, मग पार्डन, आणि कॉक्स शेवटी.